मंडळीत नवं काही सुरू करायचंय? माणसं न तोडता ते कसं करायचं

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांमध्ये, बदल म्हटलं की आपल्याकडे पहिला वाद ड्रमसेटवरून होतो. तरुण संघाला ड्रम पाहिजे असतो, ज्येष्ठांना नको असतो, पाळकसाहेब (पास्टर) दोन्हीकडून ऐकून घेतात आणि वार्षिक सभेत आवाज चढतात, मग कोणीतरी म्हणतं आमच्या आजोबांनी हे चर्च बांधलंय, कोणीतरी म्हणतं मग आम्ही यायचंच नाही का, आणि त्या दिवशी लोक चहा न घेताच घरी जातात. हे टाळता येतं. मी पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत आहे, महिला मंडळाचं कामही बघते, आणि नगर जिल्ह्यातल्या, पुणे-पिंपरीतल्या बऱ्याच मंडळ्यांमध्ये माझं जाणंयेणं आहे, तिथे जे बघितलं आणि जे चालताना दिसलं ते इथे लिहितेय. हे मुख्यतः आपल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी आहे, कॅथलिक धर्मग्रामांची व्यवस्था वेगळी असते, पण घरभेटीचं आणि पैशाचं जे लिहिलंय ते कुठेही लागू पडेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की बदलामुळे ज्याला काहीतरी सोडावं लागणार आहे त्याच्याच हातात त्या बदलाचं काम आधी द्या. ते कसं द्यायचं हे आता एकेक करून सांगते.

आधी ज्येष्ठांकडून जुन्या गोष्टी काढून घ्या

जुनं तेवढं आपलं आणि नवं ते बाहेरून आलेलं, असा एक समज आपल्या मंडळ्यांमध्ये पक्का बसलाय. प्रत्यक्षात उलटं घडलंय. अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेचे लोक 1813 ला मुंबईत आले, 1831 ला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम सुरू झालं, आणि सुरुवातीच्या काळात उपासनेत जे गायचे त्यात पाश्चात्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं असायची. 1860च्या दशकात नगरच्याच ख्रिस्ती लोकांनी कीर्तन उचललं, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखे कवी-कीर्तनकार उभे राहिले, टाळ-मृदंग घेऊन येशूची कथा सांगायला लागले. विचार करा त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट असेल. पुढे 10 फेब्रुवारी 1895 ला कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी अभंग, ओव्या, पदं अशी काही भर घातली की आज उपासना संगीत हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं तर पानोपानी टिळकच भेटतात. ज्याला आपण आपली जुनी रीत म्हणून जपतो ती त्या लोकांनी केलेली नवी सुरुवात आहे. टिळक तर तिथेही थांबले नाहीत, 1917 ला मिशनची पगाराची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार नावाचा गट सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती.

आता याचा उपयोग कसा करायचा तर भाषण ठोकून नाही. मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर पाचसहा जणांकडे तरुण संघाच्या पोरांना मोबाईल रेकॉर्डर घेऊन पाठवा आणि विचारायला सांगा की तुमच्या लहानपणी चर्चमध्ये काय वेगळं होतं. बाया एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसायचे का, सतरंजीवर बसायचे का, पेटी कोण वाजवायचं, घंटा कोण द्यायचं, नाताळला काय शिजायचं, बाक पहिल्यांदा आले तेव्हा लोक काय म्हणाले. आजी-आजोबा बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि बोलता बोलता त्यांच्याच तोंडून येतं की अरे आमच्या वेळी मायक्रोफोनला पण लोक नाही म्हणाले होते. हे सगळं लिहून काढा आणि मंडळीच्या वर्धापनदिनी त्यांच्यासमोर वाचा. ज्या माणसाला आपण बदलाचा विरोधक धरून चाललो होतो तोच बदलाचा साक्षीदार होऊन पुढच्या बाकावर बसलेला दिसतो, आणि पोरांनाही कळतं की या म्हाताऱ्या माणसांनी आपल्यापेक्षा जास्त बदल पचवलेत.

घरभेटी, पावतीबुक न घेता

नवीन काहीही सुरू करायच्या आधी दोनतीन महिने नुसत्या घरभेटी करा. मी हे मनापासून सांगतेय, कारण रविवारची उपासना कितीही सुंदर केली तरी सोमवार ते शनिवार मंडळी एकमेकांच्या घरी जात नसेल तर तो बदल वरच्यावर राहतो.

कुटुंब रजिस्टर काढा. बऱ्याच मंडळ्यांचं रजिस्टर फक्त बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वेळी उघडतं, त्यात अर्धे पत्ते जुने, फोन नंबर बंद, कोणी चाकणला शिफ्ट झालेलं, कोणी मुंबईला. ते सगळं नव्याने भरायला बसा. वॉर्डाप्रमाणे किंवा वस्तीप्रमाणे घरं वाटून घ्या आणि दोघादोघांनी जा, एक ज्येष्ठ आणि एक तरुण, शक्यतो एकाच घरातले नकोत. ज्येष्ठाला घरं माहीत असतात, तरुणाला गाडी चालवता येते आणि रस्त्यात दोघांचं बोलणं होतं, आणि माझ्या मते या बोलण्यातूनच निम्मं काम होऊन जातं.

जाताना पावतीबुक नेऊ नका. वर्गणीचं नावसुद्धा काढू नका. आपल्याकडे कित्येक घरांत चर्चची माणसं आली म्हणजे वर्गणी मागायला आली असंच समजतात, दार उघडायच्या आधी आतून आवाज येतो की सांग बाबा घरी नाहीत. एका घरी आम्ही गेलो तेव्हा ताईंनी आधीच पाकीट आणून टेबलावर ठेवलं, आम्ही म्हटलं ताई हे ठेवा, आम्ही फक्त भेटायला आलोय, तर त्या एकदम गप्प झाल्या आणि मग सांगितलं की नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा रिक्षाने जावं लागतं. मंडळीत तीन जणांकडे चारचाकी होती आणि कोणालाच हे माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून गाडीची पाळी लागली. या घरातली माणसं पुढे मंडळीतल्या कुठल्याही नव्या गोष्टीला आधी हो म्हणायला लागली, आणि याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

घरी बसल्यावर विचारायचं काय तर फार काही नाही. कसं चाललंय. चर्चला आल्यावर कशाने बरं वाटतं. आणि कशामुळे यावंसं वाटत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच येत नाही, चहा होईपर्यंत थांबावं लागतं. उत्तर आल्यावर समजावायला जायचं नाही, ऐकून घ्यायचं, प्रार्थना करून निघायचं, घरी येऊन वहीत लिहायचं. ज्यांनी येणं बंद केलंय त्यांच्याकडे आधी जा, नियमित येणाऱ्यांकडे नंतर.

कुरकुर करणाऱ्यालाच काम द्या

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय आपण सगळ्यांनी ऐकलाय, पण त्यातली एक गोष्ट सुटते. यरुशलेमच्या मंडळीत तक्रार काय होती तर रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी काय केलं, तर सात माणसं निवडायला सांगितली, आणि ती नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती त्याच बाजूच्या लोकांच्या हातात सगळ्या मंडळीची वाटणी दिली, आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. इतका मोठा विश्वास दाखवला म्हणून पुढच्याच वचनात मंडळी वाढल्याचं वाचायला मिळतं, असं मला वाटतं.

आपल्याकडे कसं करतात, जो तक्रार करतो त्याला कमिटीपासून लांब ठेवतात, की हा आला तर रोज भांडण. याच्या उलट करून बघा. साउंड सिस्टिमचा आवाज फार आहे म्हणणाऱ्या काकांना साउंड मिक्सरशेजारची खुर्ची द्या, आवाज किती ठेवायचा ते त्यांनी ठरवायचं. शब्बाथशाळेत (संडे स्कूलमध्ये) मुलांना काही शिकवत नाहीत म्हणणाऱ्या आईला एक वर्ग द्या, एकटीला नको, जोडीला जुन्या बाई द्या. प्रोजेक्टर नको म्हणणाऱ्यांना स्लाईड तपासायचं काम द्या, कारण आपल्या स्लाईडमध्ये ऱ्हस्वदीर्घाच्या आणि शब्दांच्या चुका भरपूर असतात आणि या लोकांना गीतं तोंडपाठ असतात, ते बरोबर पकडतात. काम मनापासून द्यायचं, गप्प बसवायला म्हणून द्यायचं नाही, हा फरक लोकांना लगेच कळतो.

गाणं

याच्यावर थोडं जास्त लिहिते, कारण मंडळी गाण्यावरून जितकी दुखावते तितकी प्रवचनावरून दुखावत नाही.

पहिली गोष्ट सूर. वर्शिप टीममधली पोरं यूट्यूबवरून गाणं उचलतात आणि मूळ गायकाच्या पट्टीत गातात, ती पट्टी मंडळीतल्या साठीच्या माणसाला पोचत नाही, मग लोक तोंड मिटून उभे राहतात आणि पोरांना वाटतं यांना नवीन गाणं आवडत नाही. दोन सूर खाली घेऊन बघा. खाली घेतल्यावर मागच्या बाकावरचे पुरुष गायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसरी गोष्ट, जुन्या लोकांना गीतं नंबराने माहीत असतात. फळ्यावर नंबर लावलेला असतो, तो बघितला की हात आपोआप पानावर जातो. प्रोजेक्टर आला की फळा काढून टाकतात आणि ती माणसं अडकतात. फळा राहू द्या, स्क्रीनवर पण वरच्या कोपऱ्यात उपासना संगीतचा नंबर टाका, अक्षरं मोठी ठेवा, काळ्यावर पांढरी, मागे धबधबा आणि सूर्योदयाचे फोटो लावू नका, चष्म्यातून काही दिसत नाही. आणि कडवी गाळू नका. टिळकांच्या पदात विचार एका कडव्यातून दुसऱ्यात चढत जातो, पहिलं आणि शेवटचं म्हणून संपवलं तर मधला जिना काढून घेतल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट नवीन गीत शिकवायची पद्धत. नवीन गीत थेट उपासनेच्या मध्ये टाकू नका. उपासना सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं शिकवा, आधी चाल, मग ओळ ओळ, आणि मग तेच गीत सलग चार रविवार घ्या, तेव्हा ते मंडळीचं होतं. दर रविवारी नवीन गाणं म्हणजे मंडळी कायमची श्रोता. आणि नवीन एक शिकवलं की जुनं एक पण शिकवा, कारण खरी गंमत अशी आहे की पोरांना टिळकांची पदं येतच नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी तीच नवीन आहेत.

शनिवारच्या सरावाला ज्येष्ठांना बोलवा. एका मंडळीत तरुण पोरं गिटारवर एक जुनं पद बसवत होती, चाल सरळ चारचारच्या ठेक्यात घेतलेली, आणि कोपऱ्यात बसलेल्या आजी नुसता हात मांडीवर आपटत होत्या. मग त्या म्हणाल्या पोरा हे असं नाही, हा दादरा आहे, आणि त्यांनी थरथरत्या आवाजात पहिली ओळ म्हटली, तबल्यावरच्या मुलाने लगेच ठेका पकडला, गिटारवाला दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा बसलं. त्या रविवारी ते पद गिटार, तबला, पेटी आणि आजी असं सगळ्यांनी मिळून झालं. ड्रमचा विषय त्या मंडळीत त्यानंतर सहा महिन्यांनी आला तेव्हा आजींनीच सांगितलं आणा, पण तबला वाजतो तेव्हा हळू वाजवा.

वेळ, शिफ्ट आणि मुलं

आपल्या मंडळ्यांमधली पुष्कळ घरं गावाकडून कामासाठी पुण्याला, चाकणला, रांजणगावला, भोसरीला आलीत. कंपनीत रविवारची सुट्टी असेलच असं नाही, काहींना गुरुवारी असते, काहींची शिफ्ट फिरती. अशा माणसाला तू चर्चला येत नाहीस म्हणून टोचून बोलण्यात काय अर्थ आहे. संध्याकाळची दुसरी उपासना हा चांगला पर्याय आहे पण त्यात एक धोका पण आहे, सकाळची मंडळी वेगळी आणि संध्याकाळची वेगळी होते, वर्षभरात एकमेकांची नावं माहीत नसतात. म्हणून दोन उपासना केल्या तर महिन्याच्या एका रविवारी सगळ्यांची एकत्र ठेवा, शक्यतो प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचा) रविवार, आणि त्यानंतर प्रीतिभोजन. जेवण केटररकडून आणू नका. डाळ-भात, एक भाजी, कोणी काय आणायचं ते वाटून घ्या, मोठ्या पातेल्याशेजारी उभं राहून वाढणारी माणसं दर महिन्याला बदलत ठेवा, पुरुष पण वाढतील आणि भांडी पण घासतील. आठवड्यातल्या मधल्या सुट्टीवाल्यांसाठी घरोघरी प्रार्थना सभा घ्या, सात-आठ घरांचा एक गट पुरतो.

मुलांचं वेगळंच. इंग्लिश मीडियमची मुलं मराठी बोलतात छान, पण बायबल वाचायला दिलं की अडखळतात, जोडाक्षरावर थांबतात, मग लाजतात आणि पुन्हा पुढे येत नाहीत. त्यावर काहींनी इंग्रजी उपासना सुरू केली. मी त्याच्या विरोधात नाही, पण त्याआधी एक करून बघा. रविवारचा शास्त्रपाठ मुलाला सोमवारीच द्या, घरी आजोबांसमोर चार वेळा वाचायला सांगा, आणि रविवारी पूर्ण मंडळीसमोर वाचू द्या. आधी छोटी स्तोत्रं द्या, स्तोत्र 23, 121, 100. पौलाच्या पत्रांतली लांबच लांब वाक्यं नंतर. घरात आजोबा आणि नातू एका पुस्तकावर वाकून बसतात, मंडळीच्या जीवनात याच्यापेक्षा चांगला बदल मी तरी पाहिला नाही.

हंगामाच्या सणाला पण असंच. गावात लोक ज्वारीची कणसं, कोंबडी, भोपळा आणतात, लिलाव होतो, हसाहशी होते. शहरात शेत कोणाचं आहे, म्हणून काही ठिकाणी सणाचं नुसतं पाकीट झालंय. तसं करू नका. जे हातानं बनतं ते आणायला सांगा, लोणचं, मुलांनी काढलेलं चित्र, शिवलेली पिशवी, कुंडीतली मिरची, लिलाव तसाच करा. आणि गावच्या मंडळीला एका वर्षी आपल्याकडे बोलवा.

बायांचा विषय

हा विषय शेवटी ढकलतात म्हणून मी मुद्दाम मध्येच घेतला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून केडगावला बसून पूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं, 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि 1924 ला ते छापून बाहेर आलं, छापायच्या कामातसुद्धा त्यांच्याच मुक्ती मिशनमधल्या बाया होत्या. चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 ला पुष्पा ललिता यांना बिशप केलं. आणि आपल्या काही मंडळ्यांमध्ये अजून बाईने शास्त्रपाठ वाचायचा की नाही यावर कुजबुज चालते, पण सगळ्या मंडळीचा स्वयंपाक, सजावट, आजाऱ्यांच्या भेटी, दु:खाच्या घरी डबा, हे सगळं महिला मंडळाकडे. हे मला मनापासून खुपतं.

करायचं काय तर एक पद देऊन मोकळं होऊ नका. कमिटीत एकटी बाई बसवली की ती बोलत नाही, बोलली तर तिचं कोणी लिहून घेत नाही. तिघी तरी असू द्या. महिला मंडळाच्या सभेचा ठराव कमिटीच्या विषयपत्रिकेवर पहिला घ्या, शेवटी नाही, कारण शेवटी सगळ्यांना घरी जायची घाई असते. खजिनदाराचं काम एकदा बाईकडे देऊन बघा, बचत गट चालवणाऱ्या बाया आपल्याकडे आहेत, त्यांना हिशोब कोणी शिकवायची गरज नाही. आणि कमिटीची सभा रात्री साडेआठला लावू नका, त्या वेळेला घरात पोळ्या चाललेल्या असतात.

पैसे

थोडक्यात सांगते पण हे सगळ्यात महत्त्वाचं. हिशोब स्वच्छ नसेल तर कुठलाही बदल लोकांना संशयाचा वाटतो, प्रोजेक्टर आणला की विचारतात कमिशन कोणाला मिळालं. म्हणून दान मोजायला नेहमी दोघं, नात्यातले नसलेले, आणि मोजल्या मोजल्या सही. महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. यूपीआयचा क्यूआर कोड मंडळीच्या बँक खात्याचा पाहिजे, कोणाच्याही वैयक्तिक नंबरचा चालणार नाही, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी नाही. नवीन वस्तूसाठी पैसे गोळा केले तर ते त्याच वस्तूला, उरले तर मंडळीला विचारून पुढे. जी मंडळी स्वतःच्या नावाने सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे तिच्या विश्वस्तांमध्ये बदल झाला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, 1950च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात तसं आहे. हे काम राहून जातं, मग वर्षानुवर्षं कागदावर मेलेली माणसं विश्वस्त असतात आणि भांडण कोर्टात गेलं की सगळी मंडळी अडकते. एखाद्या तरुण वकील किंवा सीए मुलीला हे काम द्या.

सभा कशी घ्यायची

हात वर करून मतदान शेवटचा उपाय ठेवा. मतदानात कोणीतरी हरतो, आणि हरलेला माणूस पुढच्या रविवारी शेजारच्या बाकावर बसायचा असतो. आधी सगळ्यात लहान वयाच्यांना बोलू द्या, मग मधले, ज्येष्ठ शेवटी, कारण ज्येष्ठ आधी बोलले की लहान बोलतच नाहीत. प्रत्येकाचं बोलणं फळ्यावर लिहा. त्याच दिवशी निर्णय घ्यायचाच असा हट्ट नको, मध्ये एक आठवडा प्रार्थनेला जाऊ द्या.

आणि प्रत्येक वेळी दोनातलं एकच निवडायचं असतं असंही नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बघा ना, 1929 पासून बोलणी चालली होती आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा चर्च एक झाली, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स. यातले काही बाळांना बाप्तिस्मा देणारे, काही म्हणायचे मोठं होऊन स्वतः विश्वास धरल्याशिवाय बाप्तिस्मा नाहीच, याच्यासाठी पूर्वी माणसं जिवाला मुकलीत. त्यांनी काय केलं, दोन्ही पद्धती ठेवल्या, आईबापांनी ठरवायचं. एवढ्या मोठ्या प्रश्नावर दोन्ही रीती एका छपराखाली राहू शकतात तर चप्पल कुठे काढायची आणि टाळ्या वाजवायच्या की नाही यावर नक्की राहू शकतात.

जे नवीन करायचं ते आधी मुदतीने करा. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातले, रविवार ही चांगली मुदत आहे, सगळ्यांना माहीत असते, सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. सांगा की ईस्टरपर्यंत असं करून बघू आणि ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी बसून बोलू. आणि खरंच बसा. मुदत संपल्यावर न विचारता तेच चालू ठेवलं की पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही. लोक नको म्हणाले तर बंद करा, मनात राग न ठेवता, दोन वर्षांनी पुन्हा विचारता येतं.

कोणी सोडून गेलं तर

जाणारे जातात, दुसऱ्या फेलोशिपमध्ये जातात, कधी पूर्ण कुटुंब. व्यासपीठावरून त्यांच्याबद्दल बोलू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नाही, ग्रुपवर फक्त सूचना, वचन आणि प्रार्थना विनंती एवढंच ठेवा आणि वाद सुरू झाला की अ‍ॅडमिनने फोन उचलून बोलावं. त्यांच्या घरी नाताळला फराळ पोचवा, आजारपणात जा. दफनविधीला तर सगळेच येतात, तिथे कोणत्या मंडळीचा हे कोणी विचारत नाही. दफनभूमीची साफसफाई वर्षातून दोनदा सगळ्या मंडळ्यांनी मिळून करा, ऑल सोल्स डेच्या (मृतांच्या स्मरणदिनाच्या) आधी आणि ईस्टरच्या आधी, विळे-खुरपी घेऊन, पोरांना पण न्या. गवत काढता काढता मंडळी सोडून गेलेली माणसं आणि राहिलेली माणसं एकमेकांशी बोलतात. जिथे मयत झाली त्या घरी तीन दिवस डबा कोणाकडून जाणार याची यादी आधीच तयार असू द्या, आणि सोडून गेलेल्यांच्या घरी मयत झाली तरी तीच यादी चालवा.

पाळकांची बदली

दर काही वर्षांनी पाळकसाहेबांची बदली होते आणि त्यांच्याबरोबर सगळा बदल पण गाडीत बसून जातो, कारण सगळं त्यांच्याच जोरावर चाललेलं असतं. नवीन पाळक येतात, त्यांना माहीत नसतं की संध्याकाळची उपासना का सुरू झाली, ते बंद करतात, लोक नाराज. म्हणून जे ठरलं ते कमिटीच्या ठराववहीत कारणासकट लिहा, कोणाच्या मागणीवरून, कधीपासून, कोण बघतं, पुन्हा कधी बसून बोलायचं. घरभेटीची वही, डब्याची यादी, गाडीची पाळी, गीतांचा रेकॉर्ड, हे सगळं मंडळीच्या कपाटात ठेवा, कोणाच्या घरी नको. नवीन पाळक आले की पहिल्या आठवड्यात दोन ज्येष्ठ आणि दोन तरुणांनी त्यांना घेऊन रजिस्टरमधली पहिली दहा घरं फिरून यावीत, जे आजारी आहेत आणि जे येत नाहीत त्यांची आधी, आणि त्या वेळीही पावतीबुक कपाटातच.